अनारसे हसले तेव्हा : सणासुदीचा ताण आवरायची आमची घरगुती रीत

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी तीन दिवसांवर, रात्रीचे साडेअकरा, सोलापूरच्या भवानी पेठेतलं आमचं स्वयंपाकघर. कढईत सोडलेला पहिला अनारसा हसला. दुसराही हसला. ज्यांनी कधी अनारसे केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, अनारसा हसला म्हणजे तुपात पडल्या पडल्या फुटून पसरला. तिसरा हसला तेव्हा मी गॅस बंद केला आणि मागच्या पायरीवर जाऊन रडत बसले. नवरा म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात, विकत आणू की." त्याचं खरंच होतं, पण त्या वेळी मला ते मुळीच ऐकायचं नव्हतं.

त्या दिवशी पहाटे चारला पाणी आलं म्हणून उठले होते. मग डबे, मग ऑफिस, येताना नवी पेठेतून पणत्या आणि उटणं, घरी आल्यावर चकल्या. पण रडू त्याचं नव्हतं. दोन दिवसांनी शांत झाल्यावर सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुला आवडतं म्हणून करतेस असं मला वाटायचं." आणि मी समजत होते की अनारसे नसले तर त्यांना वाईट वाटेल. घरात आल्यापासून सोळा दिवाळ्या आम्ही दोघींनी हे एकमेकींना विचारलंच नव्हतं. माझ्या मते सणाचा निम्मा ताण कामाचा नसतोच, गृहीत धरलेल्या कामाचा असतो. पुढची रीत त्यातून सापडत गेली. मी कोणी समुपदेशक नाही. पण आमच्या घरात ती चालते, आणि शेजारच्या दोन-तीन घरांत मी ती चिकटवून दिली आहे.

पहिलं काम : वही

सर्वपित्री अमावास्येच्या आसपास एक संध्याकाळ काढा. ही अमावास्या ते लक्ष्मीपूजनाची अमावास्या, बरोबर एक चांद्रमहिना मिळतो. घट बसले की नवरात्र, दसरा, कोजागिरी असं एकामागून एक येतं, मग कोणालाच बसायला सवड नसते.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात काम. दुसऱ्यात गेल्या वर्षी ते कोणी केलं. तिसऱ्यात, हे काम झालंच नाही तर कोणाला वाईट वाटेल. कामं बारीक लिहा. "फराळ" असं एक काम नसतं. भाजणी भाजणं, ती गिरणीत नेणं, गिरणीतून आणणं, डबे धुऊन उन्हात ठेवणं, चकल्या पाडणं, कोणाच्या घरी कोणता डबा जाणार ते लक्षात ठेवणं, आणि मागच्या वर्षी कोणाचा डबा आपल्याकडे राहिलाय तो शोधणं, ही सात कामं झाली. लक्षात ठेवणं हेही काम आहे, आणि ते कोणाला दिसत नाही.

आमची पहिली यादी त्रेचाळीस कामांची झाली. दुसऱ्या रकान्यात एकोणतीस वेळा माझं नाव आलं. मी काही बोलले नाही. वही नवऱ्याच्या हातात दिली, त्याने शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "आकाशकंदील लावणं एवढंच माझं?" भांडणात सोळा वर्षं जे पटवता आलं नाही ते कागदाने दोन मिनिटांत पटवलं.

एक सूचना. ही बैठक जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी नको. आणि "तू कधीच काही करत नाहीस" हे वाक्य आलं की वही मिटून दुसऱ्या दिवशी उघडा.

दुसरं काम : छाटणी

आता प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करायची: घरी करायचं, विकत घ्यायचं, सोडून द्यायचं. इथे तिसरा रकाना कामाला येतो. ज्याच्या नावापुढे "वाईट वाटेल" लिहिलंय त्याला जाऊन विचारायचं. अंदाज बांधायचा नाही. दहातली सहा-सात उत्तरं "मला कशाला वाईट वाटेल?" अशीच येतात.

विकत घेण्याची लाज सोडा. सोलापूरच्या बचत गटांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कुठल्या कुठे पोचवली. त्यातल्याच कितीतरी बायका दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. दसऱ्याच्या सुमारास सांगितलं तर वेळेवर आणि हव्या त्या चवीचं मिळतं. धनत्रयोदशीला फोन केला तर त्या बिचाऱ्या रात्रभर जागतात आणि आपणही फोन करत बसतो. एका घरचा ताण दुसऱ्या घरी ढकलला, एवढंच होतं.

पण सगळंच विकत आणू नका. ज्या एका पदार्थाला घरातले सगळे मिळून बसतात तो ठेवा. आमच्याकडे तो करंजी. सासरे सारण भरतात, मुलगा कातणीने कडा कापतो, मी तळते आणि शेजारच्या तेलुगू काकू ओट्यापाशी उभ्या राहून "तेल जास्त तापलंय" असं सांगतात. त्या दुपारी मला थकवा येतो, पण चिडचिड होत नाही. हा फरक जिथे दिसेल ते काम ठेवायचं.

तिसरं काम : उलटं कॅलेंडर

वसुबारस हा शेवटचा दिवस समजा आणि मागे मोजत या. वसुबारसेला स्वयंपाकघर बंद, तळण बंद. त्यानंतर जे राहिलं ते राहिलं.

आधी प्रवासाचं, आणि हे वहीच्या बैठकीच्याही महिनाभर आधीचं. पुण्या-मुंबईहून मुलं, नणंदा, दीर येणार असतील तर सगळ्यात मोठी काळजी तिकिटाची. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. पंचांगाने सोपा हिशोब होतो. श्रावणातली पिठोरी अमावास्या ते लक्ष्मीपूजन म्हणजे दोन चांद्रमहिने, साधारण ५९ दिवस. म्हणजे पिठोरीचा आठवडा हा हुतात्मा, सिद्धेश्वर, इंद्रायणी, वंदे भारत यांच्या तिकिटांचा आठवडा. जायचं आणि यायचं, दोन्ही. भाऊबीजेनंतर परतीची गर्दी जास्त असते आणि लोक नेमके तेच विसरतात. तत्काळवर विसंबू नका. तरी वेळ आलीच तर आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांचं सकाळी १० ला आणि बाकीच्यांचं ११ ला उघडतं, आणि ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं. ती जोडणी आधीच करून ठेवा, दहाला पाच मिनिटं असताना नाही. एसटीने येणाऱ्या बायकांना तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. वयाच्या पुराव्याचं कार्ड जवळ ठेवायला सांगा.

मग साफसफाई. इथे मी जरा हट्टी आहे. आपल्याकडे घट बसायच्या आधी घर धुऊन निघतं, गोधड्या-चादरी सगळ्या धुतल्या जातात. मग वीस-पंचवीस दिवसांनी दिवाळीची म्हणून तीच कपाटं पुन्हा का काढायची? दिवाळीला फक्त जाळी-जळमटं, पंखे आणि दर्शनी खोली. आणि धुणं पाण्याच्या पाळीवर ठरवा. नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको, तरी दरवर्षी आपण रविवार बघून धुणं काढतो आणि दुपारी टाकी रिकामी होते. कॅलेंडरवर सुट्टीच्या आधी पाण्याचे दिवस लिहा. मोठं धुणं त्या दिवशी, पाहुणे येण्याचा दिवस त्याला लागून.

फराळाचा क्रम टिकण्यावरून लावायचा. अनारसे करायचेच असतील तर त्यांचं पीठ सगळ्यात आधी, कारण तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, मग कुटून गुळात मुरवायला ठेवावे लागतात. भाजणी दसऱ्याच्या पाठोपाठ, तेव्हा गिरणीत रांग नसते. शंकरपाळ्या आणि शेव आठवडाभर आधी चालतात. चिवडा त्यानंतर, करंज्या शेवटी. एका दिवशी एकच तळण. ऑक्टोबरच्या उन्हात आपल्या गावात दुपारी कढईपाशी उभं राहणं म्हणजे काय ते सांगायला नको. तळण सकाळी करा आणि ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवा. डोकं दुखतंय, चिडचिड होतेय असं वाटतं तेव्हा बरेचदा नुसतं पाणी कमी पडलेलं असतं.

खरेदीचं थोडक्यात. चाटी गल्ली, मधला मारुती, नवी पेठ इथे दसरा ते कोजागिरीच्या मधल्या एखाद्या आडवारी दुपारी जा. शेवटच्या रविवारी संध्याकाळी गेलात तर पिशवीपेक्षा चप्पल सांभाळावी लागते.

चौथं काम : पैशाचं बोलणं

हे सगळ्यात अवघड, कारण घरात कामाबद्दल तरी भांडतात, पैशाबद्दल गप्प बसतात. आमच्या गल्लीत अर्धी घरं यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने आणि विड्यांवर चालतात. दिवाळी म्हणजे बोनस, आणि बोनस म्हणजे आधीच खर्चून झालेली रक्कम. कायद्यात किमान बोनस ८.३३ टक्के आहे, म्हणजे ढोबळमानाने एका महिन्याचा पगार. पण तो लागू कोणाला होतो आणि हातात कधी पडतो हे घराघरात वेगळं. म्हणून नियम एकच: बोनस खात्यात येईपर्यंत तो नाही असं धरून यादी करायची. आला तर उरलेल्या यादीतलं घ्यायचं.

पाच पाकिटं करा आणि पेनने आकडा लिहा: फराळ-किराणा, कपडे, ओवाळणी-भेटी, प्रवास, फटाके-दिवे. यातलं ओवाळणीचं पाकीट सगळ्यात जास्त फाटतं, कारण तिथे मान येतो. भावांनी आपसात आधी बोलून ठरवावं. एक भाऊ पाच हजार घालतो आणि दुसरा हजार, यात बहिणीला काही वाटो न वाटो, हजारवाल्या भावाच्या बायकोला रात्री झोप लागत नाही. आमच्याकडे दोघा भावांनी मिळून एकच ओवाळणी द्यायची असं चार वर्षांपासून ठरलंय. ताई खूश, आणि कोणी कोणाचं पाकीट चाचपत नाही.

बिनव्याजी हप्त्यांचं नीट वाचा. प्रक्रिया शुल्क असू शकतं, आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट बहुधा हप्त्यांत मिळत नाही. म्हणजे व्याज दुसऱ्या नावाने दिलं जातं. माझा स्वतःचा उपाय भिशी. महिन्याच्या भिशीचा माझा नंबर मी मुद्दाम आश्विनात मागून घेते. नंबरावरून थोडी कुरबुर होते, पण ती उन्हाळ्यातच होऊन जाते.

पाचवं काम : तोंडात बसवायची वाक्यं

नाही म्हणायची वेळ येते तेव्हा डोकं चालत नाही, म्हणून वाक्यं आधीच ठरवून ठेवायची. मी खरंच आरशासमोर म्हणून पाहिली आहेत, हसू नका.

पाहुणे आणखी दोन दिवस राहायचं म्हणतात तेव्हा: "रहा की, पण गुरुवारपासून माझं ऑफिस आहे. सकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे." निम्मे लोक आनंदाने करतात, उरलेल्यांना गाडीची वेळ आठवते.

नणंद विचारते, यंदा चिरोटे नाहीत का? "ताई, यंदा नाही केले. तुम्ही आलात की दोघी मिळून करू." हे टोमण्याच्या सुरात म्हणायचं नाही, सरळ म्हणायचं. आमच्या ताई एका वर्षी खरंच पुण्याहून लाटणं घेऊन आल्या.

मुलाचं लग्न, मुलीची नोकरी, कोणाचं वजन, कोणाला अजून मूल नाही, हे विषय ताटावर निघाले की: "काकी, भाऊबीजेला हे नको. चटणी वाढू का?" शेंगाच्या चटणीने सोलापुरात बरेच विषय बदलता येतात.

आणि नवऱ्यांसाठी. "सांग, काय मदत करू?" असं विचारू नका. सांगणं हेही काम आहे, ते पुन्हा तिच्यावरच येतं. वहीतलं एक काम उचला आणि शेवटपर्यंत न्या. गिरणी घेतली तर डबा परत आणून फडताळात ठेवेपर्यंत ती तुमची.

शरीराचं

रात्री जागून फराळ करायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते, आणि ती सणाला सुट्टी देत नाही. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला पहाटे उठायचं तर आदल्या रात्री दहाला दिवे बंद. संध्याकाळी पाचनंतरचा चहा टाळा. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि दिवाळीत प्रत्येक घरी चहा असतो. "नको" ऐवजी "ताक चालेल" म्हणा, म्हणजे यजमानही दुखावत नाहीत.

राग डोक्यात चढला की मी गच्चीवर जाते. चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा. गच्ची नसेल तर न्हाणीघर. तिथे कोणी हाक मारत नाही, निदान पाच मिनिटं तरी.

रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या संपत आल्या असतील तर धनत्रयोदशीच्या आधी महिनाभराच्या आणून ठेवा, डॉक्टरही सुट्टीवर जातात. दम्याच्या माणसाचा पंप हाताशी हवा. फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. गल्लीतल्या पोरांना हे भांडून सांगितलं तर ऐकत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना त्रास होतो हे दिवाळीच्या आधी, हातावर लाडू ठेवून सांगितलं तर ऐकतात.

ज्या घरी दिवाळी नाही

वह्या, पाकिटं हे सगळं भरल्या घरांचं झालं. काही घरांत ताण उलटा असतो, करायला काहीच नसतं.

वर्षभरात घरातलं माणूस गेलेलं असलं की तिथे फराळ करत नाहीत, शेजारपाजारचे आणि नातेवाईक ताटं नेऊन देतात. ही आपली जुनी रीत फार शहाणी आहे, फक्त ती ताट दारातून देऊन परत फिरण्यापुरती उरली आहे. बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आपण नाव काढलं तर त्यांना रडू येईल म्हणून लोक टाळतात, पण रडू तसंही येतच असतं, एकट्याने. माझे वडील गेले त्या दिवाळीत सगळे जण माझ्याशी हवापाण्याचं बोलले. एकट्या दूधवाल्या मामांनी विचारलं, "आण्णा चिवड्यात खोबरं जास्त घालायला लावायचे ना?" मला पोटभर रडता आलं आणि त्या रात्री झोप लागली.

दुसरी घरं म्हाताऱ्या आईबापांची. जुळे सोलापुरात, होटगी रोडला, कितीतरी बंगल्यांत दोनच माणसं राहतात. मुलं पुण्यात, हैदराबादला, नाहीतर परदेशात. येणार असतील तर ठीक. येणार नसतील तर मुलांनो, "बघतो, जमलं तर" असं म्हणू नका. येत नाही हे महिनाभर आधी स्पष्ट सांगा आणि कधी येणार ती तारीख द्या. आशेवर ठेवलेली आई दोन माणसांसाठी सहा माणसांचा फराळ करते. आणि आईबापांनो, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरात वाट बघत बसू नका. पूजा आटोपली की सिद्धेश्वराच्या देवळात जा, तळ्याकाठी थोडं बसा. चार ओळखीचे भेटतात.

आणि एक वेगळी खूण लक्षात ठेवा. सणाचा थकवा चार दिवस झोप मिळाली की उतरतो. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, असं असेल तर तो सणाचा ताण नव्हे, डॉक्टरांना दाखवायचं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगायला नको असं कोणी एकदाही म्हणालं तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच्याजवळ बसूनच हा फोन लावायचा.

भाऊबीजेनंतर

दुसऱ्या दिवशी पाहुणे गाडीत बसले की वही पुन्हा काढायची. काय उरलं, काय पुरलं नाही, कोणती पाकिटं फाटली, कोणाचा डबा आपल्याकडे आहे. दहा मिनिटं. हे तुळशीच्या लग्नापर्यंत लांबवलं तर विसरतं, आणि मग दोन महिन्यांत गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, येतोच. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गावोगावचे पाहुणे, भोगीची भाजी, दिराच्या बाराबंदीची धुलाई-इस्त्री. पण गड्ड्याच्या यादीत आमच्याकडे जेमतेम अकरा कामं असतात आणि होम मैदानावर जायला सगळेच आपणहून तयार असतात, त्यामुळे त्यासाठी मी वेगळी बैठक घेत नाही.

आता अनारशांचं राहिलं. छाटणीच्या पहिल्या वर्षी ते सुटले नाहीत. "तुला आवडतं म्हणून करतेस असं वाटायचं" एवढं सासूबाई म्हणाल्या होत्या, पण स्वतःला हवेत की नकोत हे म्हणाल्या नव्हत्या, आणि मीही विचारलं नव्हतं. तिसऱ्या रकान्यात मी "आई" लिहून ठेवलं आणि आणखी दोन वर्षं निमूट तांदूळ भिजवले. इतरांना विचारा म्हणून सांगत फिरणारी मी. मग एका वर्षी भाऊबीजेनंतर वही उघडली तर माझ्याआधी कोणीतरी त्यात लिहून गेलं होतं. सासूबाईंचं अक्षर, जरा थरथरतं:

"अनारसे १९ उरले. पुढच्या वर्षी नकोत. मला दातांनी चावत नाहीत, चार वर्षं झाली."